चिटोऱ्यावर मावणारा खेळ

फुटबॉलवर बोलायचं आहे असं मी सांगितलं, तेव्हा कार्यक्रम अधिकाऱ्यांनी सहज विचारलं, "पेले की मॅराडोना?" म्हटलं, दोन्ही नाही. ज्या फुटबॉलमध्ये चेंडूला पाय क्वचितच लागतो, त्या अमेरिकन फुटबॉलमधल्या एका माणसाबद्दल बोलायचं आहे. तोही खेळाडू नव्हे, कोच. नाव माईक लीच. ते माझ्याकडे बघतच राहिले. कवी माणूस, बी.ए.ला मराठी घेतलेला, याला हे कुठून सुचलं?

सुचलं ते भाच्यामुळं. माझ्या बहिणीचा मुलगा डलासला नोकरी करतो. २०१८ च्या हिवाळ्यात त्याच्याकडे गेलो होतो. बाहेर थंडी, घरात टीव्ही, आणि टीव्हीवर कॉलेजच्या पोरांचे सामने. हेल्मेट घातलेली धिप्पाड मुलं एकमेकांवर आदळतात आणि लगेच खेळ थांबतो. पुन्हा आदळतात, पुन्हा थांबतो. मी म्हटलं, "अरे, हे सारखं थांबतं का?" तो म्हणाला, "मामू, थांबतं तेव्हाच तर खरा खेळ असतो."

त्याचं म्हणणं पटायला मला चार दिवस लागले. मैदान शंभर यार्डांचं. दोन्हीकडं अकरा-अकरा जण. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता. ज्या संघाकडं चेंडू आहे त्यानं चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं. सरकलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याकडं. चेंडू घेऊन पलीकडच्या टोकाला पोचलं की टचडाऊन, सहा गुण. आपल्या कबड्डीत तोच गडी चढाई करतो आणि तोच पकडही करतो. इथं हल्ला करणारी तुकडी वेगळी आणि बचाव करणारी वेगळी. प्रत्येक प्रयत्नाआधी कोणी कुठं उभं राहायचं, कोणी कुठं पळायचं, हे ठरलेलं असतं. ती झाली एक चाल. गाण्याला लावतात ती चाल आणि ही चाल, मराठीत शब्द एकच आहे याची मला गंमत वाटते. हल्ल्याच्या चाली रचणाऱ्या आणि सामन्यात त्या बाहेरून सांगणाऱ्या माणसाला ते ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणतात. पोरं थांबतात तेव्हा या माणसाचं डोकं चालत असतं.

कॉलेजचा खेळ म्हणून त्याला लहान समजू नका. तिकडं विद्यापीठांची मैदानं लाखभर माणसांनी भरतात, आणि अनेक राज्यांत सरकारी पगार घेणाऱ्यांमध्ये सर्वांत मोठा पगार विद्यापीठाच्या फुटबॉल कोचचा असतो. अशा दुनियेत लीच शिरला तो मागच्या दारानं. तो स्वतः कॉलेजकडून फुटबॉल खेळलाच नव्हता. १९६१ चा जन्म, लहानपण वायोमिंगमधल्या कोडी गावात. युटामधल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात तो शिकला, तिथं रग्बी खेळला. पुढं कॅलिफोर्नियात १९८६ मध्ये कायद्याची पदवी घेतली. आणि वकिलीची पाटी लावायच्या ऐवजी कोच व्हायचं म्हणून बाहेर पडला. पदरी बायको आणि लहान मूल.

इथं मला माझे अब्बा आठवतात. गिरणीतली नोकरी, सोलापूरच्या भोंग्यावर सगळं आयुष्य. बी.ए. झालो तेव्हा म्हणाले होते, आता वकील हो, दारात काळा कोट टांगलेला दिसू दे. मी अर्ज आणला, भरला, आणि नेऊन दिलाच नाही. वकील होऊन वकिली सोडणारा हा माणूस मला म्हणूनच जवळचा वाटला असेल.

पहिली काही वर्षं त्यानं नुसती भटकंती केली. १९८७ ला कॅलिफोर्नियातल्या एका कॉलेजात मदतनीस, पुढच्या वर्षी वाळवंटातल्या दुसऱ्या कॉलेजात, १९८९ मध्ये तर फिनलंडच्या पोरी गावात तिथल्या क्लबचा कोच. त्याच वर्षी त्याला हॅल ममी भेटला. आयोवा राज्यात माउंट प्लेझंट नावाच्या छोट्या गावात आयोवा वेस्लियन नावाचं छोटं कॉलेज होतं. ममी तिथं मुख्य कोच झाला आणि त्यानं लीचला हल्ल्याचं काम दिलं.

त्या काळी शहाणपण असं होतं की चेंडू छातीशी धरून गर्दीतून पळावं, दोन-चार यार्ड मिळवावेत. चेंडू फेकणं म्हणजे जुगार. झेल सुटला तर प्रयत्न वाया, आणि समोरच्यानं झेलला तर चेंडूच गेला. ब्रिगहॅम यंगचे कोच लाव्हेल एडवर्ड्‌स मात्र भरपूर चेंडू फेकायला लावत. ममी आणि लीच दोघंही त्यांच्या खेळाचे अभ्यासक. त्यांनी तो खेळ घेतला आणि त्यातलं निम्मं सामान काढून टाकलं.

मैदानाची रुंदी त्रेपन्न यार्डांहून थोडी जास्त. चेंडू झेलू शकणारे पाच गडी असतात. त्यांना या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरवायचं, म्हणजे बचाव करणाऱ्यांनाही पसरावं लागतं आणि मध्ये मोकळी जागा पडते. फेकणाऱ्याच्या, म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढं पाच भक्कम गड्यांची भिंत असते. इतर संघ ती दाट ठेवत. लीचनं त्यांच्यात तीन-तीन फुटांच्या फटी ठेवल्या. वेड्यासारखं वाटतं. फटीतून शत्रू आत येणार नाही का? पण भिंत रुंद झाली की कडेनं धावून येणाऱ्याला लांबचा वळसा पडतो, आणि क्वार्टरबॅकला फटींतून पुढचं मैदान दिसतं. चाली मोजक्याच. त्यातली एक अशी की दोन गडी समोरासमोरून पळत येतात आणि एकमेकांना जवळजवळ घासून जातात, मागं लागलेले दोघं आपसांत अडखळतात. तीच चाल दहा वेगळ्या मांडण्यांतून खेळायची. सरावात रोज तीच. गवई एकच राग वर्षभर घोटतो, तसं.

बाकी कोच सामन्यात हॉटेलच्या मेन्यूकार्डाएवढा पुठ्ठा घेऊन उभे राहत, त्यावर शंभर-दोनशे चाली बारीक अक्षरात. लीचच्या हातात दुमडलेला कागदाचा चिटोरा असे. आणि तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत मोठी वाटते. चाल बाहेरून आली तरी समोरचा बचाव बघून ती बदलायची मुभा क्वार्टरबॅकला होती. वीस-एकवीस वर्षांच्या पोरावर एवढा भरवसा! आपल्याकडं त्या वयाच्या मुलाला घरात कोणी पंख्याचा वेग विचारत नाही.

या पद्धतीचं नाव पडलं 'एअर रेड', हवाई हल्ला. आयोवात एका खेळाडूच्या वडिलांनी सामन्याला चक्क हवाई हल्ल्याचा भोंगा आणला होता. भोंग्यावर वाढलेला मी, मला हे ऐकून हसूच आलं.

आयोवाहून ही जोडी जॉर्जियातल्या व्हॅल्डोस्टाला गेली आणि १९९७ मध्ये केंटकी विद्यापीठात. हे मोठ्यांच्या पंगतीतलं विद्यापीठ, पण फुटबॉलमध्ये दुबळं. त्याच वर्षी त्यांनी अलाबामाला ४०-३४ असं हरवलं. अलाबामाला केंटकीनं त्याआधी हरवलं होतं ते १९२२ मध्ये.

१९९९ ला लीच एकटा ओक्लाहोमाला गेला, हल्ल्याचा प्रमुख म्हणून. युटामधल्या एका दोन वर्षांच्या कॉलेजातून त्यानं जॉश ह्युपेल नावाचा डावखुरा क्वार्टरबॅक आणला. त्या वर्षीचा टेक्ससविरुद्धचा किस्सा भाच्यानं मला तीनदा सांगितला. सामन्याआधी लीचनं चालींची एक खोटी यादी लिहिली आणि सराव चालू असताना टेक्ससच्या लोकांना सापडेल अशी मैदानात पडू दिली. त्यांनी ती उचलली, त्यांच्या बचावाच्या कोचपर्यंत पोचवली. सामना सुरू झाला. कागदावर लिहिलेलं तसंच दिसायचं आणि घडायचं मात्र भलतंच. बघता बघता ओक्लाहोमा १७-० पुढं. मग टेक्ससवाले सावध झाले, कागद फेकून दिला आणि सामना ३८-२८ असा जिंकला. या किस्स्यातला शेवट लोक सांगताना गाळतात. पुढच्याच हंगामात ओक्लाहोमा राष्ट्रीय विजेता झाला, ह्युपेलच क्वार्टरबॅक होता. पण तोवर लीच तिथून निघाला होता.

२००० ते २००९ तो टेक्सस टेकचा मुख्य कोच होता. गाव लबक. सपाट माळ, वारा आणि कापसाची शेतं. मोठी नावाजलेली मुलं तिथं यायला राजी नसत. त्यानं मिळतील ती घेतली. २००३ मध्ये त्याच्या बी. जे. सायमन्सनं एका हंगामात ५,८३३ यार्डांच्या फेकी केल्या. तो विक्रम २०२१ पर्यंत टिकला.

भाच्यानं मला दाखवलेला जुना सामना १ नोव्हेंबर २००८ चा. समोर देशात पहिल्या क्रमांकावरचा टेक्सस. शेवटचं दीड मिनिट, टेक ३२-३३ असा एका गुणानं मागं. एक फेक उडाली आणि सरळ टेक्ससच्या एका नवख्या पोराच्या हातात आली. त्यानं झेलला असता तर सगळं संपलं होतं. हातातून निसटला. आठ सेकंद उरली, अंतर अठ्ठावीस यार्ड. इथून चेंडूला लाथ मारून तीन गुण घेता आले असते, आणि तेवढे पुरेसे होते. कोणत्याही जाणत्या कोचनं तेच केलं असतं. यांनी पुन्हा फेकला. मायकेल क्रॅबट्रीनं तो रेषेलगत झेलला, एकाच्या पकडीतून सुटला आणि आत शिरला. घड्याळात एक सेकंद बाकी. ३९-३३. पण मला अजून दिसतो तो चेंडू निसटलेला पोरगा. तीन आठवड्यांनी हाच टेक संघ ओक्लाहोमाकडून ६५-२१ असा हरला आणि राष्ट्रीय विजेतेपदाची आशा संपली.

पुढच्या वर्षी, डिसेंबर २००९ मध्ये, लीचला काढून टाकण्यात आलं. डोक्याला मार लागलेल्या एका खेळाडूला अंधाऱ्या शेडमध्ये उभं केलं, अशी तक्रार होती. लीचनं आपली काही चूक नसल्याचं सांगितलं आणि विद्यापीठावर दावा लावला. पण राज्याच्या विद्यापीठावर असा दावा चालत नाही, असं न्यायालयांनी ठरवलं. कायद्याची पदवी घेतलेल्या माणसाला कायद्यानंच दाराबाहेर ठेवलं. खरं-खोटं ठरवणारा मी कोण? पण पोरांवर एवढा भरवसा टाकणाऱ्यावर हा आरोप यावा, हे मला टोचतं खरं.

दोन वर्षं तो फ्लोरिडाच्या टोकाला, की वेस्ट बेटावर राहिला. चाचे लोकांचा त्याला फार नाद. आत्मचरित्राचं नावही 'स्विंग युअर स्वोर्ड', तलवार चालव. २०१२ पासून वॉशिंग्टन स्टेट, २०२० पासून मिसिसिपी स्टेट. वॉशिंग्टन स्टेटला त्यानं २०१८ मध्ये अकरा सामने जिंकून दिले, त्या विद्यापीठानं तेवढे कधीच जिंकले नव्हते. पण शेजारच्या वॉशिंग्टन विद्यापीठाविरुद्ध आठ वर्षांत एकदाच जिंकला. २००६ मध्ये त्याचा टेक संघ ७-३८ वरून उठून मिनेसोटाविरुद्ध ४४-४१ जिंकला होता. २०१९ मध्ये त्याचाच संघ युसीएलएविरुद्ध ४९-१७ पुढं असताना ६३-६७ हरला. ज्याला फक्त पुढं जाणं येतं, त्याला घड्याळ संपवत बसणं येत नाही. त्याची जीभही तशीच, लगाम नसलेली. एप्रिल २०२० मध्ये फाशीच्या दोरावरचा एक विनोद त्यानं समाजमाध्यमावर टाकला. मिसिसिपीत, जिथं त्या दोराला कृष्णवर्णीयांच्या हत्यांचा इतिहास आहे! त्यानं माफी मागितली, पण तो विनोद सुचायलाच नको होता.

१२ डिसेंबर २०२२ ला हृदयविकारानं तो गेला. वय ६१. नावावर १५८ विजय, १०७ पराभव, म्हणजे ५९.६ टक्के. कॉलेज फुटबॉलच्या मानकऱ्यांच्या यादीत जायला ६० टक्के लागत. २०२५ मध्ये तो नियम ५९.५ वर आणायचं ठरलं. दरम्यान त्याच्या हाताखालून गेलेले लिंकन रायली, सनी डाइक्स, क्लिफ किंग्जबरी आणि तो डावखुरा ह्युपेल, सगळे मोठमोठ्या संघांचे मुख्य कोच झाले. व्यावसायिक फुटबॉलमधला आजचा बडा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स टेक्सस टेकमध्येच किंग्जबरीच्या हाताखाली शिकला. आयोवा वेस्लियन मात्र २०२३ मध्ये कायमचं बंद पडलं.

त्याच्या मृत्यूनंतर मिसिसिपी स्टेटचा पहिला सामना २ जानेवारी २०२३ ला झाला. भाच्यानं फोनवरच मला तो सांगितला. त्यांचा हल्ला पहिल्यांदा मैदानात आला, लीचच्या मांडणीत पसरून उभा राहिला, आणि कोणी हललंच नाही. चाल सुरू करायची मुदत संपू दिली. नियमानं त्याला पाच यार्डांचा दंड असतो. पंचांनी शिट्टी वाजवली. समोरच्या इलिनॉय संघानं दंड घेतला नाही.