केळीचे खोड, विद्यापीठ आणि सुरतेचा माग

मुंबईहून सुरतेस जाणाऱ्या लोहमार्गावर सचिन आणि उधना या दोन स्थानकांच्या मध्ये भेस्तान हे लहानसे स्थानक लागते. त्याच्या एका अंगास पांडेसऱ्याची औद्योगिक वसाहत आहे, तर दुसऱ्या अंगास सचिनची. यंत्रमाग, रंगाई-छपाईचे कारखाने आणि त्यांत राबणारी माणसे यांच्या मधोमध वसलेले असे हे उपनगर होय. या परिसरात मराठी बोली कानी पडली तर नवल वाटावयास नको. उधन्यापासून निघणारा तापी खोऱ्याचा लोहमार्ग नंदुरबार, अमळनेर करीत थेट जळगावास जातो, आणि त्याच मार्गाने खानदेशातील हजारो कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरतेकडे येत राहिली आहेत.

या लोहमार्गाच्या एका टोकास केळीच्या बागा आहेत आणि दुसऱ्या टोकास माग आहेत. केळी सुरत, नवसारी आणि भरूच या जिल्ह्यांतही पिकते. बाग आणि माग यांचा एकमेकांशी काही संबंध जोडता येईल काय, हा प्रश्न काही वर्षांपूर्वी भेस्तानच्या दक्षिणेस, त्याच मुंबई मार्गावर असलेल्या नवसारी कृषी विद्यापीठाने हाती घेतला. सार्वजनिक पैशातून झालेले संशोधन लोकांच्या उपयोगी कसे पडते, आणि पुष्कळदा का पडत नाही, हे समजून घेण्यास त्या प्रयत्नाइतके बोलके उदाहरण या भागात दुसरे क्वचितच सापडेल.

केळीला आयुष्यात एकदाच घड लागतो. घड उतरविला की त्या खोडाचे काम संपले. वास्तविक ज्याला आपण खोड म्हणतो ते खरे खोड नसून एकमेकांभोवती घट्ट गुंडाळलेल्या पानांच्या देठांचा तो एक खांब असतो. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. एका हेक्टर बागेतून असा माल साधारणपणे ६० ते ८० टन निघतो. शेतकरी तो मजुरी देऊन कापवितो आणि बांधावर अथवा रस्त्याच्या कडेस नेऊन टाकतो. म्हणजे ज्या वस्तूचे काहीच मोल येत नाही, ती दूर करण्यासाठीही त्याला पदरचा पैसा मोजावा लागतो.

या खोडात तंतू असतो, ही गोष्ट काही नवी नव्हे. आपल्याकडे फुलांच्या माळा ओवण्यासाठी केळीचे सोपट वापरण्याची रीत जुनीच आहे. परंतु तंतू असणे निराळे आणि त्या तंतूचा व्यापार होणे निराळे. २००८ च्या सुमारास भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या राष्ट्रीय कृषी नवोपक्रम प्रकल्पातून नवसारीच्या विद्यापीठास या कामासाठी साहाय्य मिळाले. या प्रकल्पास जागतिक बँकेचे अर्थसाहाय्य होते. त्याची एक अट विशेष ध्यानात घेण्याजोगी होती. संशोधकांनी एकट्याने प्रयोग करून अहवाल लिहावा एवढ्याने भागणार नव्हते. शेतापासून ग्राहकापर्यंतच्या साखळीतील सर्व कड्या प्रथमपासूनच बरोबर घ्यावयाच्या होत्या.

त्यानुसार विद्यापीठाने तीन सोबती निवडले. मुंबईची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था ही पहिली. १९२४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था तंतूची परीक्षा करण्यात मुरलेली आहे. दुसरी सुरतेची मंत्रा, म्हणजे कृत्रिम धाग्याच्या वस्त्रोद्योगासाठी चालणारी संशोधन संस्था. तंतूपासून कापड होऊ शकते की नाही, हे पाहणे तिच्याकडे आले. तिसरी सोनगडची जे. के. पेपर ही कागद गिरणी. सोनगड तापी खोऱ्याच्या त्याच लोहमार्गावर आहे. एक विद्यापीठ, दोन संशोधन संस्था आणि एक कारखाना असे हे चौघांचे कुटुंब जमले.

काम सुरू झाल्यावर अडचणी कोणत्या आल्या असतील याची कल्पना करणे कठीण नाही. शंभर किलो खोडातून जेमतेम किलो-दीड किलो तंतू हाती येतो. एवढे पाण्याने भरलेले ओझे दूरच्या कारखान्यात वाहून न्यावयाचे म्हटले, तर वाहतुकीच्या खर्चातच सारा नफा वाहून जाईल. म्हणून तंतू काढण्याचे यंत्र बागेजवळच आणणे भाग होते. शिवाय हा तंतू जाडाभरडा आणि काहीसा राठ. सुरतेचे माग चालतात ते पॉलिस्टरच्या सलग, गुळगुळीत धाग्यावर. त्या मागावर केळीचा तंतू जसाच्या तसा चढविणे म्हणजे रेशमाच्या सुईत सुतळी ओवण्यासारखे होय. प्रयोगशाळेत तयार झालेला सुंदर नमुना आणि मागवाल्याला रोज परवडणारे कापड यांतील अंतर येथे लक्षात येते.

परंतु प्रकल्पाच्या ओघात एक निराळीच गोष्ट महत्त्वाची ठरली. यंत्रातून खोड पिळून निघताना तंतूपेक्षा कितीतरी अधिक रस बाहेर पडतो. तंतू शोधणाऱ्याच्या दृष्टीने ते केवळ सांडपाणी. शास्त्रज्ञांनी त्याची परीक्षा केली, तेव्हा त्यात पालाशासारखी पिकास लागणारी अन्नद्रव्ये आणि वाढीस पोषक घटक असल्याचे आढळले. त्या रसावर प्रक्रिया करून विद्यापीठाने ‘नोवेल’ या नावाचे सेंद्रिय द्रवखत सिद्ध केले, त्याचे पेटंट घेतले आणि ते तयार करण्याचे परवाने खाजगी उत्पादकांस दिले. उरलेल्या चोथ्याचे गांडूळखत झाले. खोडाच्या गाभ्यापासून साखरेच्या पाकातील वड्या करण्याची कृतीही तयार झाली. शोध निघाला होता कापडाचा, आणि सर्वांत सरळ वाट सापडली ती पुन्हा शेताकडे जाणारी.

हे यश कोणा एका शास्त्रज्ञाच्या बुद्धीचेच नव्हे, तर मांडणीचेही होते. खोडाचा प्रत्येक भाग कोणाच्या तरी कामी यावा, असे बंधन प्रारंभापासून नसते, तर रसाकडे कोणाचे लक्ष गेले असते की नाही याची शंकाच आहे. एकट्या तंतूवर न चालणारा हिशेब तंतू, रस, चोथा आणि गाभा मिळून जुळविता येतो. हा हिशेब मांडण्यासाठी वनस्पतिशास्त्र जाणणारा, यंत्र जाणणारा आणि बाजार जाणणारा अशा तिघांना एका बैठकीस बसवावे लागते. विद्यापीठात पहिला असतो, क्वचित दुसराही असतो; तिसरा बहुधा नसतो.

ही उणीव आपल्या देशात फार पूर्वीच ओळखली गेली होती. सरकारी प्रयोगशाळांतील शोध कारखान्यांपर्यंत पोचविण्यासाठी १९५३ च्या डिसेंबरात राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळाची स्थापना झाली. मतदाराच्या बोटास लावण्यात येणारी न पुसणारी शाई हे त्याच्या कामाचे घरोघरी परिचित असलेले उदाहरण आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने ती तयार केली, महामंडळाने तिचा परवाना म्हैसूरच्या सरकारी रंग कारखान्यास दिला आणि १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती सर्वत्र वापरात आली. तिच्यापासून कारखान्यास उत्पन्न मिळाले. पण दुबार मतदानास आळा बसला, हा लाभ कोणत्याही ताळेबंदात मांडता येणार नाही. सार्वजनिक संशोधनाचे फळ असे दोन प्रकारचे असते.

पेटंट आणि परवाना हाच एक मार्ग आहे, असेही समजण्याचे कारण नाही. मुंबई विद्यापीठाने १९३३ मध्ये रसायन-तंत्रज्ञान विभाग सुरू केला. वस्त्र-रसायन हा त्यातील आरंभीच्या विषयांपैकी एक होता. हाच विभाग २००८ पासून अभिमत विद्यापीठ म्हणून स्वतंत्रपणे नांदत आहे. तेथील प्राध्यापकांनी कारखान्यांना सल्ला द्यावा, कारखान्यांच्या अडचणी वर्गात आणाव्यात आणि विद्यार्थ्यांनी पुढे स्वतःचे कारखाने काढावेत, अशी परंपरा तेथे रुजली. मुंबई ते सुरत या पट्ट्यातील रंग-रसायनांच्या धंद्यास या परंपरेचा किती उपयोग झाला, हे त्या धंद्यातील जाणत्यांस सांगावयास नको. येथे विद्या कागदावरून गेली नाही, माणसांबरोबर गेली.

अमेरिकेत १९८० मध्ये बे-डोल कायदा संमत झाला. सरकारी पैशातून लागलेल्या शोधाची मालकी विद्यापीठास ठेवता येईल, मात्र मिळकतीचा वाटा संशोधकास द्यावा लागेल, अशी त्याची व्यवस्था आहे. त्यानंतर तेथील विद्यापीठांत परवाने देणारी स्वतंत्र कार्यालये वेगाने उभी राहिली. त्याच धर्तीचे एक विधेयक आपल्याकडे २००८ मध्ये राज्यसभेत मांडण्यात आले. परंतु त्यावर पुष्कळ वादविवाद होऊन २०१४ मध्ये ते मागे घेण्यात आले. टीकाकारांचा आक्षेप विचारार्ह होता. जनतेने कराच्या रूपाने संशोधनाचा खर्च एकदा सोसला. त्याचेच फळ एखाद्या कंपनीच्या हाती एकाधिकाराने देऊन जनतेस ते पुन्हा चढ्या भावाने विकत घ्यावयास लावावे काय? आणि पेटंटाच्या आशेने प्राध्यापक आपले ज्ञान झाकून ठेवू लागले, तर विद्यापीठ या शब्दास काय अर्थ उरेल?

या आक्षेपांना उत्तर परवान्याच्या करारातच शोधावे लागते. केळीच्या रसासारखी वस्तू असेल, तर एकाच उत्पादकास एकाधिकार देण्याऐवजी अनेकांस परवाने देणे श्रेयस्कर, कारण तेथे स्पर्धा झाली की भाव शेतकऱ्याच्या आवाक्यात राहतो. उलट एखाद्या औषधासारख्या शोधावर आणखी कोट्यवधी रुपये ओतल्याखेरीज तो बाजारात येत नसेल, तर काही काळापुरता एकाधिकार दिल्यावाचून कोणी पुढे येणार नाही. तेव्हा त्यास मुदत घालावी आणि उत्पादन सुरू झाले नाही तर परवाना परत घेण्याची अट घालावी. २०२१ मध्ये शिक्षणसंस्थांसाठी पेटंटाचे शुल्क ८० टक्क्यांनी कमी करण्यात आले, हे स्वागतार्ह होय. तथापि स्वस्त झालेले पेटंट कपाटात राहिले, तर त्याचा उपयोग प्रमाणपत्रापलीकडे होत नाही. विद्यापीठाची थोरवी पेटंटांच्या संख्येवर मोजण्याची जी चाल पडत आहे, तिच्यात हाच धोका आहे.

भेस्तानच्या दृष्टीने या प्रश्नास एक विशेष महत्त्व आहे. मोठ्या गिरणीस स्वतःची प्रयोगशाळा काढता येते. सुरतेच्या पट्ट्यातील वस्त्रव्यवसाय मात्र बव्हंशी लहान मागवाल्यांच्या हाती आहे. दहा-वीस माग चालविणाऱ्याने संशोधन करावयाचे कोठे आणि कशाच्या बळावर? रंगाई कारखान्यांचे सांडपाणी स्वच्छ करण्यासाठी पांडेसरा व सचिन येथे सामुदायिक केंद्रे उभारावी लागली, त्याचेही कारण हेच की, एकेकट्यास तो खर्च पेलणारा नव्हता. संशोधनाचेही तसेच आहे. लहान धंदेवाल्याची प्रयोगशाळा म्हणजे जवळचे विद्यापीठ. सुरतेत १९६१ मध्ये स्थापन झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय आज राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था म्हणून उभे आहे, दक्षिण गुजरातचे विद्यापीठही आहे. मागवाल्याने तेथे जाऊन आपली अडचण कोणास सांगावयाची, हे त्यास ठाऊक असणे ही पहिली गरज आहे.

म्हणून विद्यापीठास साहाय्य करावयाचे, ते तीन गोष्टींचे. शास्त्र आणि व्यवहार दोन्ही समजणारा व पूर्ण वेळ हेच काम करणारा मनुष्य हवा. प्रयोगशाळेतील किलोभर मालाचे टनभर करून पाहण्यासाठी, ते फसण्याची शक्यता गृहीत धरून, थोडा पैसा हवा. कारण या टप्प्यावर संशोधनाचे अनुदान संपलेले असते आणि बँकेचे कर्ज मिळत नाही. आणि लाभाची वाटणी स्पष्ट सांगणारा करार हवा. त्यात विद्यापीठ, संशोधक व उत्पादक यांच्याबरोबर कच्चा माल पुरविणाऱ्यासही विसरता कामा नये. केळीच्या खोडास उद्या खरोखरच भाव आला, तर तो भाव रावेर-यावलच्या बागाइतदारासही मिळाला पाहिजे. त्याच्या बांधावरचा कचरा तेवढा फुकट उचलून नेला आणि त्याचेच खत त्यास विकले, तर व्यापार झाला असे म्हणता येईल. परंतु ज्या हेतूने जनतेने संशोधनासाठी पैसा दिला, तो हेतू सफल झाला असे म्हणता येणार नाही.