चेतकचा नंबर

2021च्या गुढीपाडव्याला, 13 एप्रिलला, बजाज ऑटोने विजेवर चालणाऱ्या चेतक स्कूटरचे बुकिंग पुन्हा सुरू केले. शहरे दोनच होती, पुणे आणि बेंगळुरू. अनामत 2,000 रुपये. 48 तासांत बुकिंग बंद करावे लागले. मागणी भरपूर होती, पण तेवढ्या गाड्या बनवायला पुरेसे सुटे भाग हाताशी नव्हते. तरुण मंडळींना याचे नवल वाटले असेल. आकुर्डी, निगडी, चिंचवडात हयात गेलेल्या माणसांना मात्र ही गोष्ट जुनीच होती. चेतक म्हटले की नंबर लागण्याची वाट पाहायची, हे त्यांनी आपल्या घरात पाहिले होते.

बजाजला दुचाकी आणि तीनचाकी बनवण्याचा सरकारी परवाना मिळाला 1959 साली. इटलीच्या पिआज्जो कंपनीशी करार करून व्हेस्पा बनू लागली आणि पुढे आकुर्डीच्या माळावर कारखान्याने मूळ धरले. 1971ला तो करार संपला आणि सरकारने तो वाढवू दिला नाही. मग 1972 मध्ये त्याच घडणीची, पण स्वतःच्या नावाची स्कूटर बाजारात आली आणि तिला राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव मिळाले.

बाजारात आली असे म्हणायचे एवढेच. दुकानात जाऊन पैसे मोजून ती घेता येत नव्हती. आधी नाव नोंदवायचे, अनामत भरायची, पावती कपाटात जपून ठेवायची आणि वर्षे मोजायची. प्रतीक्षा दहा वर्षांपर्यंत गेल्याचे स्वतः राहुल बजाज सांगत. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला लवकर गाडी मिळे, म्हणून परदेशातल्या भावाला किंवा जावयाला पत्रे जात. ज्याचा नंबर लागे त्याला दारातच गिऱ्हाईक भेटे. काळ्या बाजारात हातोहात वरचे पैसे मिळत, कित्येकदा दुपटीच्या जवळ. मुलगी लहान असतानाच तिच्या लग्नासाठी स्कूटर नोंदवणारे बाप महाराष्ट्रात होते, कारण सोयरिकीच्या बैठकीत स्कूटरची मागणी हमखास होई. चेतकच्या आठवणी काढताना हे गाळले जाते. गाळू नये. त्या टंचाईची किंमत वरपक्षाने वाढवली आणि मुलींच्या बापांनी ती चुकती केली.

टंचाई कशामुळे होती? पत्रा नव्हता, कामगार नव्हते, भांडवल नव्हते, असे काहीच नव्हते. परवान्यावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त स्कूटर बनवणे हा गुन्हा होता. 1969च्या मक्तेदारी कायद्याने मोठ्या उद्योगांचा विस्तार आणखी आवळला. राहुल बजाज 1968 मध्ये, तिशीत, कंपनीचे प्रमुख झाले. लोकांना हवी असलेली वस्तू जास्त बनवली म्हणून तुरुंगात जावे लागले तरी हरकत नाही, अशी त्यांची भाषा होती. मला त्यांचा राग पूर्णपणे पटतो. पण याच व्यवस्थेने त्यांना तयार गिऱ्हाईकही दिले होते. दहा वर्षे थांबलेला माणूस गाडीत खोट काढत नाही, आणि खोटी चेतकमध्ये होत्याच.

ती जवळ जवळ 145 सीसीची दोन-स्ट्रोकची गाडी होती. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायचे. इंजिन एका अंगाला असल्याने तोल तिकडे झुके. सकाळी गाडी रुसली की तिला आडवी कलती करायची, चोक ओढायचा आणि मग किक मारायची. हा विधी एकेका पिढीने वडिलांकडून शिकून घेतला. गिअर डाव्या मुठीत, ब्रेक उजव्या पायाखाली, अंग पत्र्याचे. पुढच्या पट्ट्यावर उभा मुलगा, मागे आई, तिच्या मांडीवर धाकटी, बाजूला लटकवलेली भाजीची पिशवी. एवढे ओझे ती खुशाल वाही. पंक्चर झाले तर स्टेपनी सोबत असे आणि कोपऱ्यावरचा मेकॅनिक डोळे मिटून प्लग साफ करी. मध्यमवर्गाला हे पुरेसे होते. 1989 साली आलेल्या ‘हमारा बजाज’ या जाहिरातीने त्या कुटुंबाला त्याचेच चित्र दाखवले.

या गाडीने पिंपरी-चिंचवड घडवले, हे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही. पेनिसिलीनसाठी उभारलेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, टेल्को आणि बजाज यांच्या आसऱ्याने भोसरी-चिंचवडच्या एमआयडीसीत शेकडो छोटी वर्कशॉप उभी राहिली: कुठे प्रेसवर पत्रा दाबला जाई, कुठे गिअर कापले जात, कुठे प्लेटिंग होई. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की रस्ते सायकलींनी भरत. राहुल बजाज अनेक वर्षे आकुर्डीतच, कारखान्याच्या आवारात कुटुंबासह राहिले. मुलगा राजीव आकुर्डीच्याच सेंट उर्सुला शाळेत शिकला आणि पुढे पुण्याच्या सीओईपीतून इंजिनिअर झाला.

आणि त्याच राजीव बजाज यांनी स्कूटर बंद केली. 1980च्या दशकात सरकारने जपानी तंत्रज्ञानाला दार उघडले. 1984 मध्ये बटणावर सुरू होणारी कायनेटिक होंडा आली, 1985 मध्ये थेंबभर पेट्रोलवर पळणारी हिरो होंडा सीडी 100. ज्या लोकांनी चेतकसाठी वर्षे घालवली, त्यांचीच मुले मोटारसायकलीकडे वळली. बजाजनेही चाकणला नवा कारखाना काढला, 2001 मध्ये पल्सर आणली, आणि कंपनीचे भवितव्य तिकडे गेले. 2007 मध्ये आकुर्डीतले उत्पादन थांबले. 2009 मध्ये कंपनीने स्कूटर बनवणेच सोडले, तेव्हा आपल्याला वाईट वाटल्याचे राहुल बजाज यांनी उघडपणे सांगितले. धंद्याचा हिशेब मुलाच्या बाजूने होता. पण वडिलांची वेदना मला जास्त जवळची वाटते. त्या पत्र्यात त्यांचे आयुष्य होते.

मग दहा वर्षांनी मागणी परत कशी आली? पुढच्या पट्ट्यावर उभी राहणारी मुले आता चाळिशीची झाली होती आणि त्यांच्या खिशात पैसे होते. जगभर हेच घडत होते. निन्टेंडोने नोव्हेंबर 2016 मध्ये आपल्या 1980च्या दशकातल्या व्हिडिओ गेमची तळहातावर मावेल अशी छोटी प्रतिकृती, आत 30 जुने खेळ भरून, 60 डॉलरला काढली. दुकानांतून ती पाहता पाहता संपली, फेरविक्रेत्यांनी कित्येक पट भाव लावला, एप्रिल 2017 मध्ये कंपनीने उत्पादन थांबवले आणि लोकांच्या आग्रहाने 2018 मध्ये पुन्हा सुरू केले. बालपणाची वस्तू परत मिळते आहे म्हटल्यावर माणूस गरज मोजत बसत नाही.

16 ऑक्टोबर 2019ला दिल्लीत नवी चेतक दाखवली गेली आणि जानेवारी 2020 मध्ये ती लाखभर रुपयांत विकायला आली. गोल दिवा, गुबगुबीत बाक आणि मुख्य म्हणजे पत्र्याचे अंग; बाकीच्या कंपन्या प्लास्टिक वापरत असताना बजाजने तो पत्रा ठेवला. गाड्या बनत होत्या चाकणला. लगोलग करोना आला, बुकिंग बंद झाले, आणि उघडले तेव्हा वर सांगितलेले 48 तास. राहुल बजाज 12 फेब्रुवारी 2022ला गेले. त्याच वर्षी 10 जूनला, त्यांच्या जन्मदिनी, आकुर्डीत चेतकचा नवा कारखाना सुरू झाला. क्षमता वर्षाला 5 लाख. डिसेंबर 2024 मध्ये चेतक पहिल्यांदाच देशात सर्वाधिक खपणारी इलेक्ट्रिक स्कूटर ठरली.

जुन्या चेतकचे चाहते या नव्या गाडीकडे पाहतही नाहीत. त्यांचा पुरवठा वेगळा आहे: नाना पेठेतली स्पेअरची दुकाने, रविवार-बुधवारचा जुना बाजार, आणि डेंटिंग-पेंटिंगचे मोजके कारागीर, ज्यांच्याकडे आता पुन्हा नंबर लावावा लागतो. पंधरा वर्षांनंतरची नोंदणी, पर्यावरण कर हे सगळे सोसून लोक ती रस्त्यावर ठेवतात. या कारागिरांनंतर हे काम कोण शिकणार, याची मला खरी काळजी आहे.

नव्या चेतकची अडचण मात्र दूरच्या देशात आहे. विजेच्या मोटरला दुर्मिळ मृदा धातूंची चुंबके लागतात आणि ती बहुतांश चीनमधून येतात. एप्रिल 2025 मध्ये चीनने त्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. जुलैअखेर राजीव बजाज यांनी सांगून टाकले की ऑगस्टमध्ये एकही चेतक बनणार नाही असे होऊ शकते. पूर्वी दिल्लीतल्या फायलीवर अडायची ती गाडी आता मुठीएवढ्या चुंबकावर अडली, आणि भोसरी-चाकणच्या पुरवठादारांचे हातही तिच्याबरोबर अडकले. थोडा साठा मिळाला आणि 20 ऑगस्टपासून गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. गणपती 27 तारखेला होते, आणि बुकिंग केलेल्यांची शोरूममध्ये चौकशी चालूच होती.