सोनेरी घोड्याचे गणित

घोड्याच्या रंगांना आपल्याकडे नेमके शब्द होते. अंग लालसर आणि आयाळ-शेपटी काळी असेल तर तो कुमाईत. अंग फिकट पिवळसर, पण आयाळ-शेपटी काळीच, तर तो समंद. फारसीतून आलेल्या या नावांत पारख्याची नजर आहे. अंगाबरोबर आयाळही पाहायची, हे तिला ठाऊक होते. रंगाच्या आनुवंशिकीचे कोडेही आयाळीपाशीच उलगडू लागते.

घोड्याच्या केसांत रंगद्रव्ये दोनच, काळे आणि तांबडे. त्यांच्या वाटणीतून तीन मूळ रंग होतात: काळा, कुमाईत आणि आयाळीसकट तांबडा. फिकट छटा म्हणजे या मूळ रंगांत पाणी मिसळलेले. असे पाणी मिसळणाऱ्या जनुकांपैकी ‘क्रीम’चा उलगडा २००३ साली झाला. एसएलसी४५ए२ या जनुकात एकच अक्षर बदलते आणि रंग विरतो.

या बदललेल्या जनुकाची एकच प्रत मिळाली तर तांबडे द्रव्य फिके पडते. काळ्याला फारसा धक्का लागत नाही. म्हणून तांबडा घोडा सोनेरी होतो, आयाळ पांढुरकी. हाच पॅलोमिनो. कुमाईताचे अंग पिवळसर होते, आयाळ मात्र काळीच राहते. तो समंदासारखा दिसतो. (तसाच रंग ‘डन’ या वेगळ्या जनुकानेही येतो, पण तेव्हा पाठीवर ठळक गडद पट्टा असतो.) काळा घोडा बहुधा काळाच दिसतो आणि जनुक लपून राहते.

दोन प्रती मिळाल्या तर दोन्ही द्रव्ये फिकी पडतात. मूळ तांबड्या घोड्याचा मग क्रेमेलो होतो: मलईसारखे अंग, गुलाबी कातडी, निळे डोळे.

आता गणित. पॅलोमिनोजवळ क्रीमची एकच प्रत. दोन पॅलोमिनोंची जोडी लावली तर चार शिंगरांमागे सरासरी दोन पॅलोमिनो, एक तांबडे आणि एक क्रेमेलो. सोन्याला सोने जोडून निव्वळ सोने कधीच मिळत नाही. त्यात क्रेमेलोला कोडाचा समजून नाकारले जाई. अमेरिकन क्वार्टर हॉर्स जातीच्या वंशनोंदणीत त्याला एकविसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत थारा नव्हता.

पण क्रेमेलोजवळ दोन्ही प्रती क्रीमच्याच. तांबड्या घोडीशी त्याची जोडी लावा: रंग बदलणारे दुसरे जनुक मध्ये आले नाही, तर प्रत्येक शिंगरू पॅलोमिनो. सोनेरी रंगाची खात्री देणारा घोडा तोच होता, ज्याला नोंदवहीतून वगळले होते.