दारात लपणारे हँडल अडकते तेव्हा

मोटारीच्या दाराच्या पत्र्यात सपाट बसणारे आणि गरजेच्या वेळी बाहेर येणारे हँडल २०१२ मध्ये आलेल्या टेस्लाच्या मॉडेल एस या गाडीमुळे जगभर परिचित झाले, आणि चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मुळे ते महाराष्ट्राच्या रस्त्यांवरही रुळले. विजेवर चालणाऱ्या अशा हँडलमागे छोटी मोटर, तिची गती हँडलपर्यंत पोहोचवणारी दातेरी चाके आणि हँडलची स्थिती नियंत्रकाला कळवणारा मायक्रोस्विच, म्हणजे अगदी हलक्या दाबाने चालू-बंद होणारे बटण, अशी रचना साधारणतः असते.

दुरुस्तीपूर्वी कान देऊन ऐकणे महत्त्वाचे ठरते. मोटरचा आवाज येत असूनही हँडल हलत नसेल, तर दातेरी चाक तुटल्याचा किंवा फटीत धूळ, चिखल साचल्याचा संशय घ्यावा, आणि आवाजच येत नसेल, तर १२ व्होल्टची बॅटरी, फ्यूज, वारंवार वाकून तुटलेली वायर किंवा मायक्रोस्विच तपासावा. साचलेली घाण मऊ ब्रशने व ओल्या कापडाने काढून, भाग सुकल्यावर सिलिकॉन स्प्रेचा हलका फवारा मारावा. घट्ट ग्रीस मात्र टाळावे, कारण त्यावर धूळ चिकटून हँडल पुन्हा जाम होते. पेचकसाने हँडल उचकटल्यास प्लॅस्टिकचे भाग मोडतात.

अपघातानंतर वीजपुरवठा खंडित झाल्यास बाहेरून दार उघडणे अवघड होऊ शकते, म्हणून आतून दार उघडणारी यांत्रिक कळ कोठे आहे, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असलेच पाहिजे.