शेजारचं हॉटेल भरलेलं दिसतं तेव्हा

ऑफ सीझन सुरू झाला, की समुद्रकिनाऱ्याजवळच्या छोट्या हॉटेलांत एकच प्रश्न घोळू लागतो: शेजाऱ्यानं रेट किती लावलाय? बुकिंगचं ॲप उघडायचं, त्याचा रेट बघायचा आणि आपला दोनशे रुपयांनी खाली आणायचा. थोड्या वेळानं शेजारीही तेच करतो. महिनाअखेरीस दोघंही म्हणतात, "गिऱ्हाईक होतं, पण हातात काही उरलं नाही."

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाच्या घरचा गोव्यात होमस्टे असेल, कुणाचं बेळगावात किंवा इंदुरात लॉज. आजोबांनी उभं केलेलं हे काम उद्या तुमच्या हाती येईल. म्हणून स्पर्धकावर नजर कशी ठेवायची, हे शिकून घ्यायला हवं. व्यवस्थापनाच्या भाषेत याला 'कॉम्पिटिटिव्ह इंटेलिजन्स' म्हणतात. म्हणजे बाजारात उघडपणे मिळणारी माहिती नेमानं गोळा करायची, तिचा अर्थ लावायचा आणि मगच निर्णय घ्यायचा.

आधी एक हिशेब करू. समजा, तुमच्याकडे २० खोल्या आहेत आणि शेजाऱ्याकडेही २०. तुमचा रेट ३,००० रुपये, त्या रात्री १० खोल्या गेल्या. जमा ३०,०००. शेजाऱ्यानं रेट २,००० केला, त्याच्या १६ खोल्या गेल्या. जमा ३२,०००. त्याच्या दारात गाड्यांची रांग, तुमच्याकडे सामसूम! पण चादरी धुणं, नाश्ता, वीज, ॲपचं कमिशन असा एका खोलीमागे ५०० रुपये खर्च धरा. तुमच्याकडे २५,००० उरतात, त्याच्याकडे २४,०००.

एकूण जमेला सगळ्या खोल्यांनी भागलं, की येणाऱ्या आकड्याला हॉटेलवाले 'रेव्हपार' म्हणतात. इथे तुमचा १,५००, त्याचा १,६००. या उदाहरणात शेजारी निदान रेव्हपारमध्ये तरी पुढे आहे. प्रत्यक्षात अनेकदा तेवढंही हाती लागत नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २००१ ते २००७ या काळातले तिथल्या हॉटेलांचे आकडे तपासले. थेट स्पर्धकांपेक्षा रेट कमी ठेवणाऱ्या हॉटेलांच्या खोल्या जास्त भरल्या, पण त्यांचा रेव्हपार स्पर्धकांपेक्षा कमीच राहिला.

मग रेट सोडून बघायचं तरी काय? १९८० च्या दशकात मॅरियट कंपनीला स्वस्त हॉटेलांच्या धंद्यात उतरायचं होतं. तिनं सहा जणांचं पथक सहा महिने देशभर फिरवलं. ही माणसं स्पर्धकांच्याच हॉटेलांत पैसे भरून राहिली. साबण कसा, टॉवेल कसे, शेजारच्या खोलीतला आवाज भिंतीतून येतो का, हे त्यांनी टिपून ठेवलं. त्यानंतर १९८७ मध्ये 'फेअरफिल्ड इन' सुरू झालं. पाहुण्याला काय मिळतं आणि काय खटकतं, हे त्यांनी स्वतः राहून जाणलं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे नियमित तुलना. अमेरिकेत १९८५ मध्ये एसटीआर ही संस्था सुरू झाली. हॉटेलं तिला आपले आकडे देतात. बदल्यात, आपण निवडलेल्या स्पर्धकांच्या गटापुढे आपण कुठे आहोत, हे कळतं. कुणा एकाचा आकडा मात्र उघड होत नाही. निर्देशांक १०० म्हणजे गटाशी बरोबरी. समजा, खोल्या रिकाम्या आहेत, पण आपला निर्देशांक १०५ आहे. याचा अर्थ साऱ्या बाजारालाच मंदी आहे आणि आपण तरीही पुढे आहोत. अशा वेळी घाबरून रेट पाडायचं कारण नाही.

आता मर्यादेचं. मार्च २००९ मध्ये हिल्टननं 'डेनिझन' हा नवा ब्रँड जाहीर केला. पुढच्याच महिन्यात स्टारवूड कंपनी कोर्टात गेली. आपल्याकडून हिल्टनमध्ये गेलेल्या अधिकाऱ्यांनी एक लाखाहून अधिक गोपनीय कागदपत्रं आणि फाइली सोबत नेल्या, असा तिचा आरोप होता. डेनिझनचं काम थांबलं. डिसेंबर २०१० मध्ये तडजोड झाली आणि हिल्टनवर दोन वर्षं तशा प्रकारचा ब्रँड काढायला बंदी आली. शेजाऱ्याच्या हॉटेलात पैसे भरून राहणं हा अभ्यास आहे. त्याच्या मॅनेजरला फोडून पाहुण्यांची यादी मागवणं ही चोरी आहे.

तुम्हाला यासाठी मोठा खर्च नको. एक वही पुरे. आपल्यासारखी चार-पाच हॉटेलं ठरवा. दर सोमवारी त्यांचे येत्या शनिवारचे रेट लिहा. महिन्यातून एकदा त्यांच्या पाहुण्यांचे अभिप्राय नीट वाचा. 'गरम पाणी नव्हतं', 'नाश्ता उशिरा मिळाला' अशा तक्रारी पुन्हा पुन्हा दिसल्या, तर त्या गोष्टी आपल्याकडे चोख करा. शेजारच्या पानावर आपली शिल्लकही लिहा.

पुढच्या ऑफ सीझनला शेजाऱ्याचा रेट जरूर बघा. पण आपला बदलण्याआधी ही वही उघडा.