जुनी जीप : आधी निदान, मग फेरबदल

विलीज जीपचे सुटे भाग परदेशातून आणून मुंबईत गाडी जोडण्याचे काम महिंद्रने १९४७ मध्ये सुरू केले आणि त्यातून सीजे-३बीपासून एमएम ५४० पर्यंत जी वंशावळ वाढली, तिच्यातील अनेक गाड्या सह्याद्रीच्या परिसरात आजही हौशी मालकांनी निगुतीने चालत्या ठेवल्या आहेत. शिडीसारखी चासी, पुढे-मागे एकेक अखंड अ‍ॅक्सल आणि त्यांवर भार तोलणारे पोलादी पाटे अशी या गाड्यांची रचना उघडी व समजण्याजोगी असल्यामुळे घरच्या घरी त्यांची दुरुस्ती करता येते. परंतु दोष न शोधता अंदाजाने भाग बदलत जाण्याची सवयही याच सोपेपणातून लागते आणि तीच सर्वांत महाग पडते.

एमएम ५४० मधील प्यूजो बनावटीचे एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन थंडीत लवकर सुरू होत नसेल, तर प्रथम हीटर प्लग, म्हणजे ज्वलनकक्ष आधी तापवणारी विजेची कांडी, तपासावी. प्लगची वायर काढून बॅटरीचे धन टोक आणि प्लगचे टोक यांमध्ये १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प धरल्यास दिवा लागतो. तो लागला नाही, तर प्लगमधील तार तुटलेली असते. प्लग ठीक असूनही इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडत असेल, तर डिझेलच्या नळीत हवा शिरल्याचा संशय घ्यावा. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढीखाली असल्याने तिच्या सैल जोडातून डिझेल बाहेर न गळताही हवा आत जाते, आणि म्हणूनच हा दोष नजरेस पडत नाही. या भागात पारदर्शक नळीचा तुकडा बसवला की बुडबुडे स्पष्ट दिसतात. जोड घट्ट केल्यावर फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करावा, फेस थांबून स्वच्छ डिझेल येईपर्यंत हातपंप मारावा आणि पंप दाबलेला असतानाच स्क्रू आवळावा. नोझलच्या फवाऱ्यासमोर बोट कधीही धरू नये, कारण त्या दाबाचे डिझेल कातडीत घुसते.

खड्ड्यातून गेल्यावर पुढची चाके थडथडू लागणे आणि स्टिअरिंग हातात न राहणे, हा या घराण्याचा सर्वांत भीतिदायक दोष होय. त्यासाठी पुढचा अ‍ॅक्सल जॅकने उचलून भक्कम स्टँडवर ठेवावा, चाक वरून व खालून धरून हलवावे आणि खेळ जाणवल्यास दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबताच खेळ नाहीसा झाला, तर दोष चाकाच्या बेअरिंगचा असतो. खेळ तसाच राहिला, तर किंगपिनचा, म्हणजे ज्या खिळीभोवती चाक डावी-उजवीकडे वळते तिच्या बेअरिंगचा. किंगपिनच्या टोपणाखालचे शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, कमी केल्याने बेअरिंगवरील ताण वाढतो आणि बेअरिंग झिजलेले नसेल तर तेवढ्यावर काम भागते. टाय रॉडचे सांधे आणि पाट्यांचे यू-बोल्ट यांचीही याच वेळी पाहणी करावी. अनेक मालक ही तपासणी टाळून स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे स्टिअरिंगचे हादरे शोषणारा दट्ट्या, बसवतात. त्याने थडथड दबते, झीज मात्र चालूच राहते, आणि म्हणून हा उपाय चुकीचाच म्हणावा लागतो.

हौसेचे फेरबदल यानंतरचे. टायरचा व्यास २८ इंचांवरून ३१ इंचांवर नेला, तर प्रत्येक फेरीत गाडी सुमारे ११ टक्के जास्त अंतर कापते, म्हणजे पूर्वी अचूक असलेला मीटर ६० दाखवत असताना खरा वेग ६६ च्या पुढे असतो. शिवाय इंजिनवर आणि जुन्या ड्रम ब्रेकवर भार वाढतो तो वेगळाच. पाट्यांचे शॅकल, म्हणजे पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या पट्ट्या, लांब करून गाडी उंच केली, तर अ‍ॅक्सलचा कल बदलून कॅस्टर बिघडू शकतो. कॅस्टर म्हणजे किंगपिनच्या अक्षाचा मागे असलेला झुकाव. स्टिअरिंगला आपोआप सरळ आणणारा तोच असल्यामुळे, उंची वाढवण्याआधी आणि नंतर तो मोजणे अपरिहार्य आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला आहे. खासगी वाहनाच्या नोंदणीचे १५ वर्षांनी नूतनीकरण करताना गाडी तपासणीसाठी उभी करावी लागते. तेव्हा सुट्या भागांवर पैसे घालण्यापूर्वी मालकांनी आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी विचारणा अवश्य करावी.