येळवशीचं बिंदगं

मातीकाम करणाऱ्या एखाद्या कलावंताला कॉफीच्या पाकिटासाठी चित्र काढायचं असेल, तर त्यानं मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूरकडे यावं. पेय, ते ठेवायचं भांडं आणि भांड्यावरची नक्षी, तिन्ही गोष्टी आमच्याकडे एका घरात, एका रात्रीत जमून येतात.

ही वेळ अमावस्या, आमच्या बोलीत येळवस. लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या काही भागांत त्या दिवशी गावंच्या गावं शेतावर जातात. कडब्याची कोप, कोपीत चुना लावलेले पांडव, ताटात भज्जी आणि बाजरीचे उंडे, वरून आंबील. ज्वारीचं पीठ ताकात कालवून, लसूण-जिरं लावून ती आदल्या दिवशीच करायची आणि रात्रभर मातीच्या बिंदग्यात आंबू द्यायची. स्टीलच्या कळशीतली आंबीलही मी प्यायलो आहे. आंबटपणा तोच, पण तो गारवा काही येत नाही.

गारवा येतो मातीच्या छिद्रांतून. आमच्या शेतातली काळी माती वाळताना तडकते, तिचं नुसतं भांडं होत नाही. म्हणून कुंभार गाळाच्या मातीत राख आणि लीद मळतो. चाकावरून उतरलेलं भांडं जाडच असतं. आत दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापटण्यानं ठोकत ठोकत त्याचं पोट फुगवायचं. आव्यात लीद जळून जाते आणि तिच्या जागी बारीक वाटा राहतात. त्यांतून पाणी झिरपतं, वाऱ्यावर उडतं आणि आतलं निवत जातं.

हेच थापटणं संतांच्या डोक्यावर मारून कच्चं-पक्कं ओळखणाऱ्या गोरोबाकाकांचं तेर इथून जवळच, तेरणेच्या काठी. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगरचं कापड गाड्यांवरून भडोचला जात असल्याची नोंद आहे. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात पांढऱ्या मातीच्या लहान, पोकळ मूर्ती आहेत. दोन साच्यांत दोन अर्धी अंगं काढून जोडलेल्या. केसांची एकेक वळी, कानातला एकेक दागिना साच्यातच कोरलेला. दोन हजार वर्षांपूर्वी इथं मातीचं काम किती नेटकं होतं, ते बघून मी प्रत्येक वेळी थांबतो.

कॉफीचं पाकीटही एका अर्थी श्वास घेणारं भांडंच. भाजलेल्या बिया कित्येक दिवस कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात, म्हणून पाकिटाला एकाच दिशेनं उघडणारी बारीक झडप बसवतात. वायू बाहेर पडतो, हवा आत येत नाही. चित्र काढणाऱ्यानं ती झडप झाकून टाकू नये, तिच्याभोवती चित्र मांडावं. वारली बाहुल्या उचलून चिकटवण्यापेक्षा बिंदग्याच्या पोटावर उमटलेले थापटण्याचे ठसे छापलेले मला कितीतरी जास्त आवडतील. ती कामातूनच आलेली नक्षी आहे.

आमच्या घरी बिंदगं रंगवायचं काम आजीकडे असे. आधी सगळ्या अंगाला काव. ती सुकली की वाटीत कालवलेला चुना, आणि काडीला गुंडाळलेली चिंधी. गळ्याखाली एक पट्टा, त्याच्याखाली ठिपके. पोट वळतं तिथं ठिपके आपसूक लांबट होत. ती ते पुसत नसे. बिंदगं मांडीवर जरासं फिरवून पुढचा ठिपका देई. सकाळी आई ते चुंबळीवर घेऊन शेताची वाट धरी. संध्याकाळी आईच्या पदरावर चुन्याची पांढरी बोटं उमटलेली असत.